सभेनं निवडलं, पण बँकेला कोण सांगणार?

संस्थेवर बंदी घालायची तर सरकारला निदान आदेश तरी काढावा लागतो. संस्था बंद पडायला तेवढंही लागत नाही. खात्यावरची एक सही कमी झाली की पुरे.

आमची संस्था खटाव तालुक्यातली. एकट्या बायांचं काम करतो. विधवा, टाकलेल्या, लग्न न केलेल्या. सातबाऱ्याला वारस म्हणून नाव लावणं, रेशनकार्ड वेगळं काढणं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरणं, कुणाला घराबाहेर काढलं तर पोलीस ठाण्यात सोबत जाणं. वडूजला एक भाड्याची खोली, दोन कपाटं आणि एक जुना कॉम्प्युटर. ना जमीन, ना इमारत. मी सचिव आहे. खातं अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या जोड सहीचं.

अध्यक्ष आमच्या आक्का. त्या अचानक गेल्या. दिवस झाल्यावर घटनेप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा बोलावली, अजेंडा फिरवला, गणपूर्ती झाली, उपाध्यक्ष असलेल्या काकूंना एकमताने अध्यक्ष निवडलं. सूचक, अनुमोदक, सगळ्यांच्या सह्या, सगळं यथासांग. ठरावाची प्रत घेऊन आम्ही बँकेत गेलो. साहेबांनी वाचली, चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, ठराव बरोबरच आहे. पण मला नवीन नावाचं शेड्यूल वन लागेल. त्याशिवाय सही बदलता येत नाही."

शेड्यूल वन म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतला आपल्या संस्थेचा उतारा. संस्थेचे विश्वस्त कोण, मालमत्ता काय, हे त्यात असतं. आक्कांचं नाव तिथून जाऊन काकूंचं यायला हवं, आणि त्यासाठी चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, मंजूर व्हायला हवा. तोवर खात्यात पैसे होते, पण ते काढायला माणूस नव्हता. खोलीचं भाडं आम्ही आपापसांत वर्गणी काढून भरलं. कॉम्प्युटरवर अर्ज भरणाऱ्या मुलीचा पगार थकला. तिनं काही दिवस तशीच कळ काढली आणि मग एका मल्टिपर्पज सोसायटीत नोकरी धरली. तिच्यासारखी मुलगी आम्हाला परत मिळाली नाही.

काकू चौथी शिकलेल्या. त्या दिवशी एसटीत बसल्यावर म्हणाल्या, "म्हंजे लगीन लागलं, अक्षता पडल्या, पंगत उठली, आन् आता ग्रामसेवक म्हनतोय नोंद हुस्तवर तुमी नवरा-बायको न्हाई." पुढे अनेक वकिलांकडून मी हा कायदा समजून घेतला, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नाही.

नोंदणी केली तेव्हा एवढं जड गेलं नव्हतं. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं लागतात, ती आमच्याकडे होती. नाव, विधानपत्र, नियमावली, संमतीपत्रं, खोलीमालकाची ना हरकत, घरपट्टीची पावती, शपथपत्र. महाराष्ट्रात एका नोंदणीवर भागत नाही हे तेव्हा कळलं. संस्था म्हणून एक प्रमाणपत्र आणि सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, म्हणून 'एफ' अक्षराने सुरू होणारा दुसरा क्रमांक. कारण १९५० च्या आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या लेखी धर्मादाय हेतूने नोंदवलेली संस्था ही न्यासच असते. त्या कायद्याचं नाव पूर्वी 'मुंबई' होतं, ते आता 'महाराष्ट्र' झालंय. तेव्हा दोन प्रमाणपत्रं मिळाली म्हणून आम्ही दोनदा पेढे वाटले.

खरं काम पडलं ते कलम २२ शी. विश्वस्तांत, पत्त्यात, मालमत्तेत कुठलाही बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत अनुसूची ३ च्या नमुन्यात तो कळवायचा. उशीर झाला तर कारण द्यायचं, खर्च भरायचा. आम्ही मुदतीत गेलो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, अजेंडा, हजेरी, ठराव, काकूंचं संमतीपत्र, आधार, माझं शपथपत्र. खिडकीवरच्या बाईंनी एकेक कागद तपासून दिला, कोर्ट फीचं तिकीट कुठं लावायचं तेही सांगितलं. माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं म्हणणं कायद्याबद्दल आहे.

कळवायचं म्हटलं तर कळवलं, संपलं, असा माझा समज होता. पण इथे कळवणं म्हणजे प्रकरण दाखल करणं. त्याला क्रमांक पडतो, चौकशी होते, आदेश होतो. मग कुठे नाव चढतं. गंमत म्हणजे यावर उपायही कायद्यातच आहे. साताऱ्यातल्या आमच्या वकीलभाऊंनी २०१७ ची दुरुस्ती काढून दाखवली. विश्वस्तांच्या नावात बदल असेल तर पंधरा कामकाजाच्या दिवसांत तो तात्पुरता मंजूर करता येतो. मग नोटीस काढून तीस दिवस हरकतींची वाट पाहायची, आणि कुणी आलं नाही तर तोच आदेश अंतिम होतो. हरकत आलीच तर चौकशी करून तीन महिन्यांत निर्णय. वाचून मला इतका आनंद झाला की मी काकूंना तिथूनच फोन लावला. वकीलभाऊ मात्र शांतच. "करता येतो असं लिहिलंय, वहिनी. केलाच पाहिजे असं नाही. आणि पंधरा दिवस उलटले तर काय, त्याबद्दल कायदा गप्प आहे. आपण स्वतंत्र अर्ज देऊन मागू या."

मागितला, आणि मिळाला. तात्पुरत्या मंजुरीचा आदेश घेऊन आम्ही बँकेत हजर. साहेबांनी तो वरच्या कचेरीला पाठवला. वरून उत्तर आलं, अंतिम आदेश आणा. तात्पुरता हा शब्द ऐकला की बँकवाल्यांना धडकीच भरते. म्हणजे विधिमंडळाने ज्या अडचणीसाठी दुरुस्ती केली ती अडचण बँकेच्या काउंटरवर आहे तशीच उभी. कायदा बदलला, पण बँकेला ते कुणी सांगायचं याची सोय कायद्यात नव्हती.

आणि त्या तीस दिवसांत हरकत आली.

आमचे एक जुने सभासद, गावातल्या राजकारणातले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काकूंच्या पुतण्याशी त्यांचं फाटलं होतं. संस्थेच्या कामात त्यांना काडीचा रस नव्हता, सभेलाही आले नव्हते. पण हरकत घेतली: मला अजेंडा मिळाला नाही, सभा बेकायदेशीर. मग सुरू झाल्या तारखा. एका तारखेला ते नाहीत, दुसऱ्या तारखेला त्यांचे वकील नाहीत. आम्ही मात्र दर वेळी वडूजहून सकाळची गाडी धरायचो, भाकरी बांधून. कायद्यातले तीन महिने तिथेच उलटले.

सुटका केली ती आक्कांनी, गेल्यावरही. त्यांनी सुरुवातीपासून शिस्त लावली होती की अजेंडा व्हॉट्सॲपवर टाकला तरी वही घरोघर फिरली पाहिजे आणि पोचल्याची सही घेतली पाहिजे. आम्ही वैतागायचो. आक्का गेल्यानंतरच्या सभेलाही सवयीने वही फिरली होती, आणि त्या गृहस्थांनी दारात उभं राहून, वाचूनही न बघता, सही ठोकली होती. ती वही पुढे ठेवल्यावर हरकतीत काही उरलं नाही. बदल मंजूर झाला, उतारा मिळाला, बँकेत काकूंच्या सहीचा नमुना चढला. त्या दिवशी काकूंनी पहिला चेक लिहिला तो थकलेल्या पगाराचा. मुलगी नोकरी सोडून गेली होती, पण पैसे तिचेच होते.

हे सगळं सरल्यावरही वकीलभाऊंनी सांगितलेला एक निकाल माझ्या डोक्यातून जाईना. अलाहाबादचं हिंदी साहित्य संमेलन ही आमच्यासारखीच १८६० च्या कायद्याखाली नोंदलेली संस्था. १९६२ मध्ये संसदेने कायदा करून तिच्यात बाहेरचे सभासद घातले. दमयंती नारंगा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये तो कायदा रद्द ठरवला. न्यायालयाचा आशय असा, की संघटना करण्याचा अधिकार फक्त ती स्थापन करण्यापुरता नाही. ज्यांनी मिळून ती केली त्यांना आपल्या मर्जीच्या माणसांसोबत ती चालू ठेवण्याचाही अधिकार त्यातच येतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधला हा हक्क. त्यावर बंधनं कशासाठी घालता येतात तेही तिथेच लिहिलंय: देशाची सार्वभौमता आणि एकात्मता, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता. काकूंना अध्यक्ष केल्याने यातल्या कशाला धक्का लागत होता, हे मला अजून उमगलेलं नाही. वकीलभाऊ म्हणाले, "तुमच्यावर कुणी माणूस लादला नाही, म्हणून तो निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही." बरोबर असेल. पण आमची माणसं निवडून आम्ही मोकळे झालो आणि तरी काम ठप्प राहिलं, याला घटनेच्या भाषेत काय म्हणायचं ते त्यांनीही सांगितलं नाही.

साताऱ्यात २०२५ च्या सुरुवातीला आमच्यासारख्या छोट्या संस्थांची एक बैठक झाली. माण, पाटण, कोरेगाव, जावळी, कराड, सगळीकडून दोन-दोन, तीन-तीन जण. कुणाची गावातली वाचनालयं, कुणाचं व्यसनमुक्तीचं काम, पाटणचे कोयना धरणग्रस्त. बोलायला लागल्यावर कळलं की प्रत्येकाच्या पिशवीत एक चेंज रिपोर्ट आहे. एका वाचनालयाचे तीन बदल एकापाठोपाठ एक अडकलेले. पहिला मंजूर नाही म्हणून दुसऱ्यातल्या विश्वस्तांना विश्वस्त मानायचं का, हा प्रश्न, आणि दुसऱ्याचा निकाल नाही म्हणून तिसरा लोंबकळत. निवडणुका वेळच्या वेळी झालेल्या, कागदावर मात्र गेल्या दशकातली कार्यकारिणी. तिच्यातले दोघे वारलेले.

सरकारला निवेदन द्यायचं ठरलं. आणि लगेच वाद. काही तरुण कार्यकर्त्यांचं म्हणणं, ही देखरेखच नको, धर्मादाय कायदा संस्थांना लागूच नको. मी याच्या विरुद्ध बोलले. आपल्याच जिल्ह्यात देवाच्या नावच्या जमिनी विश्वस्तांनीच कशा खाल्ल्या याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. स्थावर विकायला परवानगी लागते, गैरव्यवहार करणाऱ्या विश्वस्ताला काढता येतं, दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, हे राहिलंच पाहिजे. लोकांचा पैसा घेतो तर हिशेब द्यायला कसली लाज? दुखणं वेगळं आहे. ज्या कायद्याची मांडणी देवस्थानांच्या जमिनी, धर्मशाळा, वाडे राखण्यासाठी झाली, तोच दोन कपाटांच्या संस्थेला त्याच मापाने लावलाय. मालमत्तेवर डोळा ठेवा. अध्यक्ष कोण हे आमच्या सभेवर सोडा.

बैठकीतला सगळ्यात चांगला मुद्दा मात्र माझाही नव्हता आणि वकिलांचाही नव्हता. माणच्या एक बाई उठल्या. "आमच्या बचत गटाचं खातं हाय. गटाची नोंदणी कुठंच न्हाई. अध्यक्ष बदलली की आमी ठराव करतो, बँकेत देतो, सही बदलती. लाखाचं कर्ज बी घेतलंय." हॉल क्षणभर गप्प. खरंच की! नोंदणी नसलेल्या गटाचं खातं काढायला बँकांना १९९० च्या दशकापासून मुभा आहे, सगळा व्यवहार गटाच्या ठरावावर चालतो. ज्यांची कुठेच नोंद नाही त्यांच्या ठरावावर बँकेचा विश्वास, आणि ज्यांनी दोन-दोन नोंदण्या केल्या, दरवर्षी ऑडिट दिलं, त्यांचा ठराव मात्र चालत नाही. नोंदणी करून आपण पत कमावली की गमावली?

त्यावरच निवेदन उभं राहिलं. विश्वस्तांमधला बदल दाखल केल्याच्या तारखेपासून धरावा, आणि पोचपावतीसोबतच तसा उतारा मिळावा. हरकत आली तरच चौकशी, आणि हरकत घेणाऱ्याने आधी आपला पुरावा दाखवावा. चौकशी सुरू असताना नव्या कार्यकारिणीला रोजचा खर्च करता यावा. फक्त स्थावर मालमत्ता आणि कर्ज यांना हात लावू नये. मुदत संपली आणि निर्णय नाही, तर बदल मंजूर समजावा. बँकांना हे लेखी कळवावं. आणि ज्यांच्याकडे स्थावर काहीच नाही अशा लहान संस्थांसाठी वेगळा, सुटसुटीत भाग कायद्यात घालावा. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुच्छेद २२ मध्ये संघटना स्वातंत्र्य आहे आणि भारत १९७९ मध्ये त्यात सामील झालाय. संयुक्त राष्ट्रांच्या या विषयावरच्या विशेष प्रतिवेदकांनीही आधी परवानगी घेण्यापेक्षा नुसतं कळवण्याची पद्धत बरी असं म्हटलंय. हेही आम्ही एका परिच्छेदात घातलं. काकूंनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "त्ये ऱ्हाऊ द्या, पर बचत गटाचं वर घ्या." घेतलं.

सहकारी संस्थांचा उल्लेख करायचा की नाही यावर बराच काथ्याकूट झाला. साखरपट्ट्यात राहणाऱ्याला ठाऊक असतं की सहकाराचं नाव घेतलं की कान टवकारतात. ९७ व्या घटनादुरुस्तीने २०१२ पासून 'सहकारी संस्था' हे शब्द थेट संघटना स्वातंत्र्याच्या कलमातच आले. दुरुस्तीतला सहकार कायद्याचा मोठा भाग २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला, पण हे शब्द टिकले. साखर कारखान्याला घटनेत नावाने जागा आहे. विधवांच्या संस्थेला ती 'संघटना' या सर्वसाधारण शब्दात शोधावी लागते. हे वाक्य मी लिहिलं होतं. बहुमताने गाळलं.

हे चालू असताना राज्य सरकारच्या जनसुरक्षा विधेयकाचा, म्हणजे संघटनांवर बंदी घालण्याच्या कायद्याचा, विषय पुढे आला. जुलै २०२४ मध्ये एकदा मांडलेलं, डिसेंबरमध्ये नागपूरला पुन्हा मांडून संयुक्त समितीकडे गेलेलं, आणि समितीने लोकांकडून सूचना मागवलेल्या. आपला त्याच्याशी काय संबंध, असं बरेच जण म्हणाले. आम्ही नक्षलवादी थोडेच? मी मसुद्याची प्रत काढून आमच्या मासिक बैठकीत वाचली. बायांनी कलमं ऐकून घेतली. सरकारने संघटना अवैध ठरवली की तिच्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड. सभासद नसूनही वर्गणी दिली किंवा मदत केली तर दोन वर्षं, दोन लाख. बेकायदेशीर कृत्याला सात वर्षं, पाच लाख. दखलपात्र, अजामीनपात्र.

"बेकायदेशीर म्हंजे काय केलं तर?" एकीने विचारलं. मी व्याख्या वाचली. सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका ठरणारं कृत्य. तिच्यात अडथळा आणणारं किंवा तसा कल असणारं. प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या यंत्रणेची अवज्ञा करायला चिथावणारं किंवा तसा उपदेश करणारं. गेल्या वर्षी रेशन दुकानासमोर आम्ही बसलो होतो. तो कल होता का? कुणालाच सांगता येईना.

आणि हे कुठे वाचत होतो आम्ही? वडूजमध्ये. ९ सप्टेंबर १९४२ ला इथल्याच मामलेदार कचेरीवर मोर्चा निघाला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि इतर हुतात्मे पडले. त्यांना आपण दरवर्षी हार घालतो. पलीकडे शिराळ्यात १९३० चा बिळाशीचा जंगल सत्याग्रह आणि सगळ्या जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंहांचं प्रतिसरकार. तेव्हाचा कायदा परक्यांचा होता, मान्य. पण अवज्ञेचा उपदेश हा गुन्हा एवढ्या सैल शब्दांत लिहिण्याआधी या जिल्ह्याने तरी दोनदा विचार करावा, एवढंच मी सूचनापत्रात लिहिलं.

मुद्द्याचं बळ पुन्हा वकीलभाऊंनी दिलं. मद्रासमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था होती. तीही १८६० च्या कायद्याखालचीच. १९५० मध्ये तिथल्या सरकारने ती बेकायदेशीर ठरवली. तिचे सरचिटणीस व्ही. जी. रो न्यायालयात गेले. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. सरकारच्या नुसत्या मतावर संघटना बेकायदेशीर ठरते, सभासदांना नोटीस नीट पोचायची सोय नाही, न्यायालयीन चौकशी नाही, आहे ते फक्त सल्लागार मंडळ. एवढ्यावर मूलभूत हक्क काढून घेता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. २०२४ च्या विधेयकातही सल्लागार मंडळ पाहिल्यावर आमच्या सूचनेचं शीर्षक आपोआप ठरलं: आधी नोटीस, मग न्यायालय, त्यानंतर बंदी.

विधानमंडळाला गेलेल्या १२ हजारांहून अधिक सूचनांमध्ये आमचीही एक. १० जुलै २०२५ ला विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी परिषदेत विधेयक मंजूर झालं. काही बदल झाले, ते नाकारू नयेत. 'व्यक्ती आणि संघटना' हा उद्देशातला मोघम उल्लेख जाऊन कडव्या डाव्या आणि तत्सम संघटना असा आला. मंडळाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतील असं ठरलं. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही. पण 'तत्सम' कोण, हे सरकारच ठरवणार, आणि मंडळ सल्लागारच राहिलं. आमच्या बैठकीत एका बाईने हे ऐकून वर्गणी द्यायची थांबवली. तिचा मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. तिला कुणी बोललं नाही. कायदा कुणावर लावला जाईल तेव्हा लागो, आमच्या पावती पुस्तकातून एक नाव त्याआधीच कमी झालं.

करांची बाजू थोडक्यात सांगते, कारण तिथे निदान एक गोष्ट चांगली झाली. २०२१ पासून बारा-ए (संस्थेला आयकरातून सूट) आणि ऐंशी-जीची (देणगीदाराला करसवलत) नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागायची. २०२५ च्या वित्त कायद्याने पाच कोटींच्या आत उत्पन्न असणाऱ्यांसाठी बारा-एची मुदत दहा वर्षांची केली. लहानांना वेगळं माप लावता येतं, म्हणजे इच्छा असेल तर सुचतं. उलट परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला पैसे पुढे देणंच बंद केलं. आम्हाला परदेशी देणगी घ्यायची परवानगी कधीच नव्हती. पुण्याची एक मोठी संस्था आमच्या कायदा शिबिरांचा खर्च उचलायची, तो थांबला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली, त्यामुळे तो विषय आमच्यापुरता मिटला. शिबिरं आता देवळाच्या ओवरीत होतात.

आमचं चेंज रिपोर्टचं निवेदन आवक शिक्का मारून सातारा-मुंबई फिरतंय. दोन आमदारांनी वाचतो म्हटलंय. त्यातल्या एकांची स्वतःची शिक्षणसंस्था आहे, तिचाही बदल अडकलाय, त्यामुळे माझी त्यांच्यावर जरा जास्त भिस्त आहे.

मधल्या काळात आम्ही आपली घटना दुरुस्त केली. खात्यावर आता तीन नावं, त्यातल्या कुठल्याही दोघींच्या सह्या. आणि माणच्या त्या बचत गटवाल्या बाई परवा भेटायला आल्या. गावातल्या एकट्या बायांची त्यांना संस्था काढायचीय. नोंदणी करू का, हा प्रश्न. मी सरळ सांगितलं: घटनेने दिलेल्या हक्काला नोंदणी लागत नाही. सभासदांच्या वर्गणीवर आणि सभासदांपुरतं काम करणार असाल तर घाई करू नका. गावातून देणग्या गोळा करायच्या असतील तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची ४१-सीची परवानगी घ्या. कंपनीचा सीएसआर म्हणजे समाजकार्याचा निधी, ऐंशी-जी, सरकारी अनुदान हवं असेल तर मात्र नोंदणीशिवाय गत्यंतर नाही. आणि केलीत तर अजेंडाची वही घरोघर फिरवा, सही घ्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पदराला गाठ मारली आणि म्हणाल्या, "मग आमी आदी वहीच घेतो. नोंदनीचं दिवाळीनंतर बगू."